दुसऱ्याच्या नावाची सही

मेलरोडाहून फोन आला त्या रविवारी मी स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच खिमा लावलेला पाव खात होते. फोनवर वाल्ट्राउट ओश्मान होती. त्या गावच्या चर्चच्या किल्ल्या, मेणबत्त्या, फुलं आणि उंदीर, सगळं तिच्या ताब्यात असतं.

"मिस्त्रीणबाई, आमचा ऑर्गन रडतोय."

"कधीपासून?"

"सकाळपासून. पाद्रीबाईंचं प्रवचन चालू होतं तेव्हा लागला, तो अजून लागलेलाच आहे. खरं सांगू का, प्रवचनापेक्षा बरा वाटला."

कोणी पट्टी न दाबता एखादी नळी आपणहून वाजत राहिली, की आमच्या धंद्यात त्याला रडका सूर म्हणतात. त्याची कारणं ठरलेली आहेत. झडपेत धूळ गेलेली असते, नाहीतर मेलेली माशी. लाकूड फुगलेलं असतं, नाहीतर स्प्रिंग थकलेली असते. याहून वेगळं कारण मला आजवर भेटलेलं नव्हतं. माझं नाव एडा, लिहिताना त्यात ड दोनदा येतो. ऑर्गन दुरुस्तीचा कारखाना, हातोड्या आणि फटकळ तोंड हे सगळं मला वडिलांकडून मिळालं. भुतंखेतं मिळाली नाहीत. रविवारी मी काम करत नाही, पण त्या दिवशी नवऱ्याचा भाऊ सहकुटुंब येणार होता, म्हणून लगेच गाडी काढली.

मेलरोडा ओर्लाच्या खोऱ्यात आहे. गावात शिरताना पवनचक्क्यांचा चढ लागतो, मग उतारावर प्लमची झाडं आणि खाली चर्चचा पाटीच्या दगडाचा काळा मनोरा. मी आत गेले तेव्हा सूर वाजतच होता. गे नावाचा, मधल्या सप्तकातला, मऊ, बासरीसारख्या लाकडी नळ्यांच्या रांगेतला. मी सज्ज्यावर चढले. नवा कँटर टिल क्रुमपोल्ट ऑर्गनपाशी अपराध्यासारखा उभा होता. कँटर म्हणजे ऑर्गन वाजवणारा, गायकवृंद शिकवणारा, चर्चचं सगळं संगीत वाहणारा माणूस. टिल पन्नाशीला टेकलेला, उंच, खांद्यात वाकलेला. इस्टरला इथे रुजू झाला होता.

"मी काही केलं नाही हो," तो म्हणाला.

"सगळे असंच म्हणतात."

मी हत्यारांची पिशवी उघडत होते तेवढ्यात खाली दार वाजलं. त्याची मुलगी गेसा सायकल भिंतीला टेकवून आत आली. एकोणीस वर्षांची, उन्हानं लाल झालेली, केस ओले नव्हते.

"तळ्यावर गेली होतीस ना?" टिलनं वरूनच विचारलं.

"अर्ध्या वाटेतून परत आले, बसत बसत. चढावर असा दम लागला, म्हातारीसारखा."

ती बोलत असताना मला जाणवलं की सूर थांबलाय. मी अजून कशालाही हात लावलेला नव्हता.

तरी मी ऑर्गनच्या पोटात शिरून सगळं तपासलं. या कामाला दोन माणसं लागतात. एक आत नळ्यांच्या गर्दीत, दुसरं बाहेर पट्ट्यांवर. आतल्यानं "पुढचा" म्हणायचं, बाहेरच्यानं पुढची पट्टी दाबायची. गेसा पट्ट्यांवर बसली. चांगली बसली. काही लोक पेंगतात, काहींना मधूनच गाणं वाजवायची हुक्की येते. ही नुसती "हं" म्हणायची आणि दाबायची. झडप स्वच्छ होती. स्प्रिंग नव्यासारखी. लाकूड कोरडं ठणठणीत.

"काय सापडलं?" तिनं बाहेरून विचारलं.

"काही नाही."

"मग आता काय करायचं?"

"आता काहीतरी केल्यासारखं दाखवायचं."

ती मनापासून हसली. मला ती तिथेच आवडली. ती म्हणाली की सप्टेंबरात ती उत्तरेला, हुसुमला जाणार आहे. तिथे आईच्या ओळखीच्या नावेच्या कारखान्यात शिकाऊ म्हणून जागा मिळाली होती. आई उत्तरेचीच, नवऱ्याशी पटलं नाही म्हणून परत गेलेली. गेसाला लाकडाचं, डांबराचं, समुद्राचं वेड. "इथे सगळ्यात मोठं पाणी म्हणजे बाप्तिस्म्याचं भांडं," असं ती म्हणाली.

काम झाल्यावर ओश्मानबाईनं प्लमचा केक आणला, आणि केक खाताखाता मला त्या सहीची गोष्ट कळली.

आमच्याकडे सुरांना रोमन अक्षरांची नावं आहेत, त्यामुळे काही नावं वाजवता येतात. लाइप्झिगच्या थोरल्या कँटरनं आपलं आडनाव चार सुरांत गुंफून ठेवलं, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. तेव्हापासून ज्याला त्याला हा नाद. मेलरोडात तर त्याची रीतच झाली आहे. नवा कँटर आला की पहिल्या रविवारी त्यानं आपल्या नावाच्या सुरांवर एक तुकडा रचून वाजवायचा. गावात त्याला सही करणं म्हणतात. आधीचे कँटर शाडे, त्यांचं तर अख्खं नाव सुरांतच होतं. सही केलेला कँटर मेलरोडा सोडून गेल्याचं कोणाला आठवत नाही. एकूण एक जण चर्चच्या भिंतीलगत ओळीनं झोपले आहेत. आमची हवाच तशी आहे, असं गाव अभिमानानं सांगतं.

"आणि यांच्या नावात एकही सूर नाही," ओश्मानबाई म्हणाली. "टिल क्रुमपोल्ट. शोधा तुम्ही. एक सापडणार नाही."

"आजूबाजूचे सगळे कँटर मला छळायचे," टिल म्हणाला. "म्हणे सूर नसलेला कँटर, म्हणजे वस्तरा नसलेला न्हावी. मग मी गेसाचं नाव वाजवलं. गे, ए, एस, आ. एकही अक्षर वाया जात नाही."

"आपली सही आपण करायची असते," ओश्मानबाई केक कापत म्हणाली.

"मुलीचं नाव बापानं घेतलं तर काय बिघडलं? नाहीतरी ती चाललीय. नाव तरी राहील माझ्याजवळ."

हे तो हसत म्हणाला. गेसानं त्याच्या ताटलीतला केकचा तुकडा उचलून तोंडात टाकला. "बाबांनी मला ऑर्गनला देऊन टाकलंय," ती म्हणाली, आणि आम्ही सगळे हसलो.

ऑगस्टमध्ये पुन्हा फोन आला. या वेळी ए आणि एस, दोन शेजारचे सूर एकदम. ज्यांनी ते ऐकलं त्यांना दाढ दुखल्यासारखं झालं असणार. मी पोचले तेव्हा दोन्ही थांबले होते आणि टिल पायरीवर डोकं धरून बसला होता.

गेसा त्या सकाळी हुसुमला निघाली होती, कारखाना बघून यायला. नॉयस्टाटला गाडीत बसली. गाडी सुटली आणि थोड्याच वेळात तिला श्वास घेता येईना. म्हणजे छाती हलायची, पण आत काही यायचं नाही. शेजारच्या बाईनं तिला पुढच्या स्टेशनवर उतरवलं. तिथल्या डॉक्टरनं तपासून सांगितलं की फुप्फुसं बैलासारखी आहेत, मनावर ताण असेल. परतीच्या गाडीत तिला आपोआप बरं वाटत गेलं.

"ती गावात पाऊल टाकेपर्यंत ऑर्गन रडत होता," टिल म्हणाला.

"उकाडा आहे. लाकूड फुगतं."

"फक्त तेवढंच लाकूड?"

मी हत्यारं घेऊन आत शिरले. त्या दोन्ही झडपा काढल्या, कातडं बदललं, स्प्रिंगा बदलल्या. गरज नव्हती. पण हात रिकामे ठेवून उभं राहणं मला जमत नाही. गेसा पट्ट्यांवर बसली होती. मी "पुढचा" म्हटलं की दाबत होती. तिचं "हं" मात्र ऐकू येत नव्हतं. मी आतून वाकून बघितलं. ती ओठ मिटून, नाकानं सावकाश श्वास घेत होती, मोजून घेतल्यासारखा.

"एडाबाई," ती म्हणाली, "मला जायचंय हो. मला इथे नाही राहायचं."

"जाशील. मी सोडते तुला. माझ्या गाडीनं."

हे मी अगदी खात्रीनं बोलले. सप्टेंबरच्या सुरुवातीला खरंच गाडी घेऊन गेले. निघण्याआधी मी मनोऱ्यातल्या खोलीत जाऊन ऑर्गनला हवा पुरवणारी मोटार स्वतः बंद केली. फ्यूज काढून कोटाच्या खिशात टाकला. हवा नाही तर सूर नाही, यापलीकडे माझ्या धंद्यात काही नाही. पायानं दाबायचे जुने भाते शाडेंच्या काळातच काढून सरपणाला गेले होते, तेव्हा तोही प्रश्न नव्हता. टिलला म्हटलं, आत बसून राहा आणि काही झालंच तर फोन कर.

गेसा पुढच्या सीटवर, मांडीवर पिशवी. उतारावरच्या प्लमच्या झाडांतून गाडी चढावर आली. पवनचक्क्या संथ फिरत होत्या. ती काहीतरी गमतीचं सांगत होती, हुसुमच्या मुख्य कारागिराच्या मिशांबद्दल. बोलताबोलता तिचे शब्द विरळ झाले. मग तिनं माझी बाही धरली. तोंड उघडं, डोळे माझ्यावर.

माझा फोन वाजला. टिलनं फोन नुसता पुढे धरला असावा. चारही सूर एकदम वाजत होते. गे, ए, एस, आ. फ्यूज माझ्या खिशात होता, मी हात घालून चाचपून पाहिला.

मी गाडी वळवली. झाडं लागली तसा तिचा श्वास परत आला आणि फोनमधला आवाज विरून गेला.

मी त्या दिवशी घरी जाऊन कारखान्यात उगाच हातोड्या घासत बसले. मला राग आला होता. न समजणाऱ्या गोष्टीचा येतो तसा. त्या रागातूनच मला ती युक्ती सुचली, आणि ती सुचली याचं मला आज वाईट वाटतं. मी असा विचार केला: मुलीला जर त्या चार नळ्यांपासून दूर जाता येत नसेल, तर चार नळ्या तिच्याबरोबर द्याव्यात. नळी ही काही चर्चचा खांब नाही. ती उचलता येते, गोधडीत गुंडाळता येते, गाडीत ठेवता येते. हुसुमला कारखान्यात एका फळीवर ठेवेल ती. ऑर्गनमध्ये मी नव्या नळ्या बसवून देईन.

टिल लगेच तयार झाला. ओश्मानबाई म्हणाली, "मला यातलं कळत नाही. पण जे लागलंय ते हलवू नये, एवढं म्हणते." तिचं आम्ही ऐकलं नाही. गेसा तर हसली. "माझं सामान वाढलं म्हणायचं."

ती सकाळ छान होती. मी मोटारीचा फ्यूज काढला आणि आत शिरून एकेक नळी वर उचलली. पेअरच्या लाकडाच्या, हातभर लांबीच्या नळ्या, शेकडो वर्षांच्या वापरानं मधाच्या रंगाच्या झालेल्या. नळीला पाय असतो, तोंड असतं, ओठ असतात. आम्ही अवयवांचीच नावं वापरतो, त्यात कधी काही वाटत नाही. त्या दिवशी ओठांवरची धूळ पुसताना मी जरा जपून पुसली. प्रत्येक नळी निघताना मी खाली ओरडून विचारत होते, "गेसा, बरी आहेस ना?" आणि ती केकनं भरलेल्या तोंडानं "हो" म्हणत होती.

टिलनं तिला मिठी मारली. बराच वेळ सोडली नाही. मग आम्ही निघालो.

चढ आला. मी श्वास रोखला होता, तिनं नाही. पवनचक्क्या मागे पडल्या. फोन गप्प होता. ती खिडकीतून मागे वळून बघत होती, आणि मग तिनं माझ्याकडे पाहिलं. इतकं आनंदलेलं तोंड मी फार दिवसांत पाहिलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

"हुसुमला पोचल्यावर पहिलं काय करशील?" मी विचारलं.

उत्तर आलं नाही.

मला वाटलं विचार करतेय. पुढच्या वळणावर मी पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. तेच आनंदलेलं तोंड. ओठ जरासे उघडे, बोलायच्या बेतात. डोळे उघडे. पापणी हलत नव्हती. छाती हलत नव्हती.

मी गाडी बाजूला घेतली. हाक मारली, गालावर मारलं. गाल गरम होता. नाकाखाली हात धरला. काही नाही.

नळ्यांना हवा नव्हती. माझ्या डोक्यात तेवढंच आलं.

कारखान्यात नळी तपासायची तर तिचा पाय ओठांना लावून आम्ही फुंकर घालतो. रोज करतो. मी मागचं दार उघडलं, गोधडी ओढली, हाताला आली ती नळी तोंडाला लावली आणि फुंकलं. गे वाजला.

पुढच्या सीटवर गेसाची छाती वर आली.

मी थांबले. छाती थांबली.

मी पुन्हा फुंकलं.

टिलला फोन केला तेव्हा काय बोलले ते आठवत नाही. तो ओश्मानबाईला घेऊन तिच्या गाडीनं आला. माझी गाडी त्यानं चालवली. मी मागे गुडघ्यांवर बसून एकामागून एक नळ्या फुंकत होते. गे, ए, एस, आ. गे, ए, एस, आ. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. ओश्मानबाई माझी पाठ धरून बसली होती आणि देवाचं नाव घेत होती. मागून मला गेसाचा फक्त खांदा दिसत होता. तो माझ्या फुंकरीबरोबर वर येत होता, खाली जात होता.

नळ्या जागेवर बसवल्या. फ्यूज लावला, मोटार चालू केली. हवापेटीत हवा भरल्याचा तो नेहमीचा हलका सुस्कारा आला.

बाहेर गाडीत गेसा म्हणाली, "पहिलं? पहिल्यांदा पाण्यात पाय घालणार." मग तिनं चर्चचं दार पाहिलं. "हे काय? आपण परत का आलो?"

"तुला झोप लागली होती," टिल म्हणाला. "झोपेत घुसमटायला लागलीस. मग वळलो."

ती रडली. आम्ही तिघं गाडीभोवती उभे होतो आणि एकानंही तिला खरं सांगितलं नाही. काय सांगणार होतो?

त्याच दिवशी दुपारी टिलनं सराव संपवून सवयीनं मोटार बंद केली. आगीच्या भीतीनं तसा नियमच आहे. ओश्मानबाई धावत आली. गेसा तिच्या स्वयंपाकघरात बटाट्याचे गोळे आणि रस्सा खायला बसली होती, आणि काटा तोंडापाशी नेऊन तशीच थांबली होती. त्या दिवसापासून मेलरोडाची मोटार बंद होत नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले तेव्हा टिल ऑर्गनसमोर बसला होता. हात पट्ट्यांवर धरलेले, पण टेकवलेले नव्हते.

"मी माझं नाव देणार आहे," तो म्हणाला. "तिचं काढून घ्या, माझं घ्या. एवढंच वाजवायचंय." त्यानं पट्ट्यांवरून नजर फिरवली. "पण काय वाजवू? एडाबाई, माझ्या नावात काही नाहीच हो. मी कुठली पट्टी दाबू?"

तो एवढा मोठा माणूस पट्ट्यांवर डोकं टेकून रडला. डोकं टेकलं तिथले सूर वाजले, वेडेवाकडे, कोणाचंच नाव नसलेले.

ओश्मानबाई जिन्यात उभी होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुमचं नाव बसतं, मिस्त्रीणबाई. ए, दे, दे, आ."

"ओश्मानबाई," टिल डोकं न उचलता म्हणाला, "असं बोलू नये."

मी पिशवीत हातोड्या भरत होते. भरत राहिले. मला नवरा आहे, दोन नातवंडं आहेत, समुद्र पाहायची मलाही हौस आहे. तिथे कोणी पुन्हा काही म्हणालं नाही, आणि मीही नाही.

त्यानंतर माझ्या हातात मोटारीची देखभाल तेवढी उरली. पैसे कोणी विचारत नाही, मी मागत नाही. गाव मूग गिळून आहे. वीज जाणार असली की ओश्मानबाईला आधी कळतं. मग टिल गेसाला काहीतरी निमित्त काढून घरी आणतो, पलंगावर निजवतो, म्हणजे निदान रस्त्यात उभी राहायला नको. डॉक्टर म्हणतात दमा आहे, वसंतात कमी होईल. गेसा त्यांचं खरं मानते. मोटार सतत का चालू असते, असं तिनं एकदा विचारलं होतं. आत ओल धरते, कातडं कुजतं, असं मी सांगितलं. धंद्यातलं माणूस सांगतंय म्हटल्यावर तिचा विश्वास बसला.

फेब्रुवारीत मोटारीचा पट्टा झिजल्याचं माझ्या लक्षात आलं. बदलायचा म्हणजे मोटार थांबवणं आलं. ठरलं असं की गेसा जेवून घरी झोपली की टिलनं फोन करायचा, मग मी काम उरकायचं. मी मनोऱ्यातल्या खोलीत नवा पट्टा, पाने, सगळं मांडून ठेवलं आणि चर्चमध्ये येऊन बसले. बाहेर बर्फ होता. दक्षिणेकडच्या खिडकीतून उन्हाचा पट्टा थेट पहिल्या बाकावर पडला होता.

दार उघडलं आणि गेसाच आत आली. हातात चहाचे दोन पेले, मागे घाबराघुबरा टिल.

"बाबा म्हणाले तुम्ही इथे गारठून बसलाय. म्हटलं चहा द्यावा." तिनं एक पेला मला दिला आणि दुसरा घेऊन उन्हात बसली. वाफ तिच्या तोंडावर येत होती. गाल भरले होते, छान दिसत होती. "हुसुमच्या कारखान्यानं जागा राखून ठेवलीय माझी. आईनं सांगितलं. एडाबाई, या सप्टेंबरात मी—"

वर मनोऱ्यात फट्कन आवाज झाला.

हवापेटी सुस्कारली आणि रिकामी झाली.

टिल जागच्या जागी उभा राहिला. मी धावले. पायऱ्या चढताना दोनदा पडले. जुना पट्टा तुटून मोटारीच्या चाकाभोवती गुंडाळला होता. तो सुटेना. सुरीनं कापला. नवा पट्टा गारठ्यानं ताठ झालेला, चाकावर बसेना. बोटं बधिर. हे काम एरवी मी शीळ घालत करते.

पट्टा बसला. मी बटण दाबलं आणि खाली आले.

टिल तिच्याशेजारी बाकावर बसला होता. तिचा पेला धरलेला हात त्यानं आपल्या दोन्ही हातांत घेतला होता, चोळत होता. उन्हाचा पट्टा बाक सोडून पलीकडच्या भिंतीवर गेला होता.

"—जाणारच आहे, बघा तुम्ही," गेसा म्हणाली. तिनं बाबांच्या हातांकडे आश्चर्यानं पाहिलं, आपला हात सोडवून घेतला आणि एक घोट घेतला.

"अय्या, चहा इतक्यात कसा गार झाला?"

"थंडी आहे ना, बाळा," टिल म्हणाला. "आण इकडे. दुसरा करून आणतो."